शुक्रवारची बाळं

शिंप्याच्या घरात टेबल कुणाचं? शिंप्याचं. ही साधी गोष्ट आमच्या हिला पटवायला मी तीन महिने घालवले आणि ती काही पटली नाही. शाळा उघडायला पंधरा दिवस राहिलेले, दीडशे सदरे बेतायचे बाकी, आणि माझ्या बेतायच्या टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिच्या चिठ्ठ्या. पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेली कात्री माझी, इस्त्री माझी, लाकडी पट्टीही माझीच. "अगं, उचल की हे सगळं!" म्हणून ओरडलो, तर मान वर न करता म्हणाली, "हात लावू नका. ती बाळं आहेत."

आता यावर माणसाने काय बोलावं?

आमची ही आरोग्य केंद्रात नोंदणीला आहे. नोकरी अशी की सकाळी कपाट उघडायचं, जन्माची कार्डं काढायची, लिहायची, पुन्हा कपाटात ठेवायची. बावीस वर्षं तिने तेच केलं. तिचं अक्षर सुंदर, खाडाखोड नाही, एवढीच तिची ख्याती. केंद्रात नव्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी तिला विचारलं, "जन्माची नोंद आपल्याकडे. मग बाळ गेलं तर त्याची नोंद कुठे?" ही म्हणाली, "ती नगर कचेरीत." "मग दोन्ही वह्या एकत्र कोण बघतं?" कोणीच बघत नव्हतं. कुठलं बाळ जन्मलं ते एका इमारतीत लिहिलेलं, कुठलं गेलं ते दुसरीत, आणि मधल्या रस्त्यावरून बावीस वर्षं आमची ही भाजी घेऊन घरी येत होती.

डॉक्टरबाईंचं म्हणणं असं, की आपल्या भागात बाळं जास्त जातात हे सगळे म्हणतात, पण कुठली जातात, कधी जातात हे कुणालाच सांगता येत नाही. ते कळलं तर काही करता येईल. म्हणून ही नगर कचेरीत बसून मरणाची वही उतरवून आणायला लागली आणि घरी येऊन चिठ्ठ्या जुळवायला लागली. नाव न लिहिता फक्त आकडा, तारीख आणि गल्ली.

मला वाटलं आठवड्याचं काम. कसलं काय! गेलेल्या बाळाला नावच नसतं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. नाव ठेवण्याआधीच गेलेलं असतं ते. वहीत नुसतं 'मुलगा' नाहीतर 'मुलगी', आणि पत्ता म्हणाल तर 'पाण्याच्या टाकीमागे'. टाकीमागे दोनशे घरं आहेत! एका वहीत आईचं नाव, दुसरीत बापाचं. एका ठिकाणी घरमालकाचंच नाव घातलेलं. ही चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठ्यांकडे बघत बसायची आणि मी बाजूला गुडघ्यावर कापड ठेवून बेतायचो. तिला कळत नव्हतं कोण कुणाचं, मला कळत नव्हतं सदरे कधी व्हायचे.

जिथे जुळेना तिथे ती त्या घरी जायची. एकदा आली आणि पिशवी न ठेवताच खुर्चीवर बसली. टाकीमागच्या एका बाईकडे गेली होती, गेल्या वर्षी तिचं बाळ गेलं तेच हे का, एवढंच विचारायला. त्या बाईने नीट सगळं सांगितलं, तारीख, वार, किती दिवसांचं होतं. दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "तेव्हा कोणी विचारायला आलं नाही हो." मी तिला पाणी दिलं.

शेवटी जुळलं. दोन वर्षांत सहाशे बारा बाळं केंद्रातून जिवंत घरी गेली, त्यातली तेवीस बाळं पहिल्या महिन्यातच गेली. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, या तेवीसच्या तेवीस बाळांच्या कार्डावर लिहिलेलं होतं: तिसऱ्या दिवशी घरभेट झाली.

इथे मला माझ्या मेहुणीबद्दल सांगायला हवं. हिची धाकटी बहीण, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. केंद्राच्या घरभेटीच्या पाच नर्सपैकी ती सगळ्यांत जुनी. जन्माचा दिवस पहिला धरला तर तिसऱ्या दिवशी बाळाच्या घरी जायचं, वजन करायचं, बेंबी बघायची, दूध ओढतंय का, अंग गार पडलंय का ते बघायचं, आणि काही वाकडं दिसलं तर आईसकट उचलून केंद्रात आणायचं. खांद्याला वजनाचा काटा लटकवून हिंडते म्हणून सगळ्या गल्ल्या तिला काटेबाई म्हणतात. एकोणीस वर्षं हिंडतेय. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. दूध न ओढणारी किती बाळं तिने रिक्षात घालून आणली त्याची गणतीच नाही. हिच्या कपाटात खरंच नाही, कारण वाचलेल्या बाळाची वेगळी वही नसते.

डॉक्टरबाईंनी तो तेवीसचा आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "भेट सगळ्यांकडे झाली, तरी ही गेली. म्हणजे या भेटींनी काही फरक पडत नाही." वरून आधीच विचारणा होत होती की घरभेटी चालू ठेवायच्या का. पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्या बंद करायच्या आणि तो खर्च बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राकडे वळवायचा, असं ठरत आलं. म्हणजे काटेबाईची नोकरी जाणार, आणि ती ज्यांना उचलून आणते ती बाळं घरातच राहणार.

आमच्या हिला हे पचेना. "अहो, मी डोळ्यांनी बघितलंय. निळी पडलेली पोरं आणली तिने. मग आकडा असं कसं सांगतो?"

"आकडा चुकला असेल."

"मी लिहिलाय तो!"

"मग तू चुकली असशील."

त्या दिवशी मला जेवायला मिळालं, पण वाढलं आदळून.

मग तिचा चिठ्ठ्या लावायचा सपाटाच सुरू झाला. गल्लीप्रमाणे लावल्या, काही दिसेना. आईच्या वयाप्रमाणे लावल्या. पहिलं बाळ का दुसरं, वजन कमी का जास्त. कमी वजनाची जास्त गेली होती, पण ते कुणालाही ठाऊक होतं. डोकं धरून बसायची. मी विचारलं की काय बघतेस, तर म्हणायची, "तेच कळत नाहीये."

शेवटी माझाच संयम सुटला. भिंतीला माझे सात खण आहेत, सोमवार ते रविवार. ज्या वारी गिऱ्हाईक न्यायला येणार त्या वाराच्या खणात त्याचा कपडा. मी सगळे खण रिकामे करून दिले आणि म्हटलं, "घाल तुझी बाळं यात आणि माझं टेबल मोकळं कर. नाहीतर मी सगळं गोळा करून गाठोडं बांधीन." तीही चिडली होती. कुठल्या खणात कुठली हा प्रश्न आला, तर खणावर वार लिहिलेले होतेच. तिने ज्या वारी जन्म त्या खणात चिठ्ठी टाकली. गेलेल्यांच्या चिठ्ठ्यांना मी दिलेली लाल टाचणी लावलेली होती.

मी टेबलावर कापड पसरलं. खडूची पहिली रेघ मारतोय तोच ही म्हणाली, "अहो, इकडे या."

सोमवार दोन, मंगळवार तीन, बुधवार दोन, गुरुवार दोन, शनिवार तीन, रविवार दोन. आणि शुक्रवारच्या खणात नऊ लाल टाचण्या.

"शुक्रवारी बाळं जास्त जन्मत असतील," मी म्हटलं.

"नाही. सगळ्या खणांत सारखीच आहेत, नव्वदीच्या आसपास."

"मग शुक्रवार वाईट."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पुन्हा खडू उचलला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या हुशार आहेत, पण त्याही चक्रावल्या. म्हणाल्या, आकडे लहान आहेत, योगायोगही असेल. शुक्रवारी कोण कामावर असतं ते तपासलं, पाणी तपासलं, औषधं तपासली. शुक्रवारी वेगळं असं काहीच नव्हतं. बैठक दहा दिवसांवर आली.

मग ते कार्ड सापडलं. ही ते घेऊन घरी आली आणि माझ्यासमोर धरलं. नेहमी नियम पाळणारी बाई, कार्ड कधी घरी आणत नाही, त्या दिवशी आणलं. "वाचा."

मी वाचलं. जन्म शुक्रवार. घरभेट रविवार. बाळ बरं आहे, दूध घेतं, वजन दोन किलो सातशे.

"बरं मग?"

"हे बाळ शनिवारी गेलं."

मी पुन्हा वाचलं. "तू चुकीचं जुळवलं असशील."

"मलाही तेच वाटलं. म्हणून आज त्या घरी जाऊन आले. शनिवारी संध्याकाळी गेलं." तिने कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "शनिवारी गेलेल्या बाळाचं रविवारी वजन कसं करणार? काय समजू मी? सांगा ना, काय समजू?"

मी तारीख बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "पण हा तर गेल्या वर्षी शाळा उघडायचा आदला दिवस. त्या रविवारी ती इथेच होती की! सकाळपासून आपण तिघं काजं-बटणं करत बसलो होतो."

बोललो आणि जीभ चावली. पण शब्द थोडाच परत घेता येतो.

ही म्हणाली, "तुमची मापांची वही द्या." त्या वहीत मी माप लिहितो, कपडा कधी दिला ते लिहितो, आणि घाईच्या दिवशी काजं कुणी केली तेही लिहितो, म्हणजे उसवलं तर कुणाला ओरडायचं ते कळतं. वही तीन दिवस तिच्याकडे होती. काय बघितलं ते तिने सांगितलं नाही. मी मागितली तेव्हा परत दिली.

रविवारी मेहुणी नेहमीसारखी आली. हातात बटणांचा डबा घेऊन माझ्या समोर बसली. "दाजी, या वर्षी पोरं जाड झाली की तुम्ही कापड चोरायचं सोडलं?" म्हणून तिने मला टोमणा मारला. मी हसलो नाही, तेव्हा तिने बहिणीकडे बघितलं. हिने ते कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

काटेबाईने वाचलं. ती कार्डाकडे बघत राहिली. आधी तिला काही कळलंच नसावं. मग तिचे कान लाल झाले.

"आठवड्याची कार्डं शनिवारी दुपारी बाराला द्यायची असतात, ताई. तुझ्याच कपाटात. रविवारची भेट कोरी ठेवली तर कार्ड परत येतं. सोमवारची तारीख घातली तरी परत येतं, तिसरा दिवसच पाहिजे म्हणून. सगळ्याच नर्स शनिवारी भरून देतात. मी सोमवारी जातेच ना. सकाळी पहिली तिथेच जाते."

"आणि या घरी गेलीस तेव्हा?"

"तेव्हा..." ती थांबली. "दाराबाहेर चपला दिसल्या बऱ्याच. मी आत गेले, आईजवळ बसले. कार्ड तर गेलेलं होतं. परत मागायला आले असते तर सगळ्याच शनिवारची कार्डं उघडी पडली असती."

"शुक्रवारी जन्मलेल्या सगळ्यांचं असंच?"

"तू बहीण आहेस का पोलीस?" मेहुणी ओरडली. "मला काय सुट्टी नाही? एकोणीस वर्षं पाय घासतेय! पूर्वी जात होते मी रविवारी, सुट्टी असून जात होते. तेव्हा विचारलंस कधी?"

"मग बंद का केलंस?"

मेहुणीने दाताने दोरा तोडला. "नाही जमलं मग." एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

बघायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी माझा काजं करणारा कारागीर सोडून गेला. घाई आली की मीच तिला म्हणायला लागलो, "रविवारी मोकळीच असतेस, ये की. जेवायलाही इथेच." ती आली. मला वाटलं, बरं झालं, घरचं माणूस आहे. ती सुट्टीच्या दिवशी कुठे जात होती हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ही मात्र ओरडली नाही. तिने बहिणीच्या हातातलं सदऱ्याचं कापड काढून घेतलं आणि म्हणाली, "ऐक. तू खोटं लिहिलंस म्हणून मला राग आलाय, तो वेगळा. पण तुला कळतंय का, काय झालंय? जिथे तू गेलीस आणि जिथे नाही गेलीस, ती सगळी एकाच ढिगात पडली. त्यामुळे तुझं जाणं काही कामाचं नाही असं दिसतंय. बाकीच्या सहा वारी जन्मलेल्या बाळांना वाचवतेस तू, आणि तूच लिहून देतेस की मी कुचकामी आहे."

मला पहिल्यांदा समजलं नाही. मेहुणीलाही नाही. हिने मग खणातल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर दोन ढीग केले. खरी भेट झाली तो पाचशेच्या वर, टाचण्या चौदा. दुसरा ढीग एवढासा, टाचण्या नऊ. तेव्हा मेहुणी रडायला लागली. "नऊ?" ती विचारत होती. "ताई, नऊ?" मी बटणांच्या डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

बैठकीला काय करायचं यावरून दोघी भांडल्या नाहीत, हेच मला अजून नवल वाटतं. सांगितलं तर नोकरी धोक्यात, नाही सांगितलं तर भेटी बंद आणि नोकरीही बंदच. पण ही हिशोब न करता म्हणाली, "मी सांगणार आहे. तुझं नाव न घेता सांगता येतं का बघते." आणि बैठकीत ही चिठ्ठ्यांचे ढीग मांडून बोलायला उभी राहिली, तोच मागून काटेबाई उठली आणि म्हणाली, "शनिवारची कार्डं मी भरायचे. बाकीच्यांचं त्या सांगतील." बाकीच्या चौघी खाली बघत बसल्या. मग एक उठली. मग दुसरी.

भेटी बंद झाल्या नाहीत. कार्डं आता मंगळवारी द्यायची असतात, तारीख खरी घालायची, उशीर झाला तर उशीर लिहायचा. रविवारी आळीपाळीने एक नर्स जाते आणि तिला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते. काटेबाईची नोकरी राहिली, पण चौकशी होईपर्यंत तिला औषधांच्या कोठारात बसवलंय. गल्लीतल्या बायका दाराशी येऊन विचारतात, काटेबाई कुठे गेल्या? डॉक्टरबाई म्हणाल्या, तिच्याइतकी बाळाची पारख कुणाला नाही, पण माझा नाइलाज आहे. चांगलं झालं म्हणू का वाईट, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. चार महिने झाले, शुक्रवारच्या खणात टाचणी नाही. ही म्हणते, एवढ्यात काही म्हणता येत नाही, वर्ष जाऊ द्या.

मेहुणी आमच्याकडे येते, बोलते, पण रविवारी येत नाही. मी बोलवतही नाही. काजं मीच करतो, वाकडी होतात.

परवाच्या रविवारी दुपारी ही समोर बसून नव्या चिठ्ठ्या लावत होती. हल्ली टेबलाचा अर्धा भाग तिचाच आहे. बरेच दिवस मनात घोळत होतं ते मी विचारून टाकलं.

"अगं, त्या नऊपैकी माझ्या कामाच्या रविवारची किती?"

तिचा हात थांबला. मग तिने पुढची चिठ्ठी उचलली.

"नाही मोजलं," ती म्हणाली.

एकतीस वर्षं संसार केलाय मी हिच्याबरोबर. भाजीवाल्याने वर टाकलेल्या मिरच्या मोजते ही बाई. जिना चढताना पायऱ्या मोजते.

"बरं," मी म्हटलं.